त्र्यंबकबाबूचं सरकारी व्हायोलिन

वैनगंगेत गळ्यापर्यंत उभं करा मले, तरी हेच सांगीन. ह्यातला शब्दन् शब्द खरा आहे. ज्याले पटत नसेल त्यानं आत्ताच उठावं, अन् जाताना आपली चटई गुंडाळून ठेवावी.

सन सदुसष्टची गोष्ट. बालाघाटच्या नहर दफ्तरात, म्हणजे कालव्याच्या कचेरीत, त्र्यंबक नावाचा कारकून होता. उकव्याच्या खदानीतला एक साहेब नोकरी सोडून गेला, तो जाता जाता त्याले आपली गिटार अन् व्हायोलिनवर वाजवायच्या तुकड्यांची एक वही देऊन गेला. साहेबाचं म्हणणं असं, का गिटारचेच तुकडे वाजवले तर बोटं आळशी होतात. व्हायोलिनवाला एकदा गज ओढते अन् वीस सूर काढते. गिटारवाल्याले ते वीसच्या वीस एकेक करून छेडा लागतात. मग बोटं कशी तयार होणार नाईत?

त्र्यंबकानं सगळ्यात अवघड तुकडा धरला अन् दोन वर्षं घासला. त्याची बायको सुनीती मुलींच्या शाळेत मास्तरीण. ती वह्या तपासता तपासता मान वर न करता म्हणे, "अहो, एक सूर सुटला." झालं, पुन्हा पहिल्यापासून.

अन् अशात बदलीचा हुकूम आला. कुठं? उकव्याले. बायको बालाघाटात, हा जंगलात. वाचायचा एकच रस्ता होता. जिल्ह्याच्या वाद्यस्पर्धेत जो दफ्तराचा कलाकार, त्याची बदली होत नसे. त्र्यंबकानं अर्ज केला, का मी व्हायोलिनचा तुकडा वाजवतो. बडे बाबू खेमराज यांनी नस्तीत, म्हणजे आपल्या फाईलीत, लिहून घेतलं: वाद्य, व्हायोलिन.

दुसऱ्या दिवशी हा गिटार घेऊन हजर.

"ये क्या है, त्र्यंबकबाबू?"

"गिटार आहे, बडे बाबू. व्हायोलिनचा तुकडा मी हिच्यावरच वाजवतो."

"नस्तीत तर व्हायोलिन आहे."

"मग नस्ती दुरुस्त करा ना."

खेमराजबाबूनं पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं. "साहेबाची सही झालेली नस्ती दुरुस्त होत नाई, भाऊ. वाद्य दुरुस्त होते."

मग वाद्याचं भौतिक सत्यापन, म्हणजे हात लावून तपासणी, झालं. व्हायोलिनले तारा असाव्या चार, निघाल्या सहा. दोन तारा अतिशेष ठरवून स्टोअरात जमा झाल्या. त्र्यंबक एक दिवस जेवला नाई. मग सगळा तुकडा चार तारांवर नव्यानं बसवला. बोटं आणखीनच पळाले लागली.

"देखा?" खेमराजबाबू म्हणे. "शासन सिखाता है."

आठ दिवसांनी शेरा आला: व्हायोलिन हनुवटीखाली धरतात. त्र्यंबकानं ती एवढी मोठी गिटार हनुवटीखाली दाबली. मान अशी वाकडी झाली का बाजारात बाया विचारत, "काहून भाऊ, उशी बदलली काय?"

पुढचा शेरा, गज पाहिजे. टांग्याच्या घोड्याच्या शेपटीचे केस काढून गज केला. घोड्याले सही येईना, म्हणून टांगेवाल्याचा अंगठा घेतला. पण गिटारच्या तारा एका पातळीत. गज ओढला का चारही एकदम रडत. "दफ्तरात एका वेळी एकानंच बोलावं," असं म्हणून खेमराजबाबूनं तीन तारा जमा करून घेतल्या.

त्र्यंबकानं तो तुकडा एका तारेवर वाजवला. सुनीतीनं लाल पेन खाली ठेवलं. "अहो," ती म्हणे, "एकही सूर नाई सुटला."

अन् स्पर्धेच्या आदल्या दिवशी भोपाळहून पत्र आलं. व्हायोलिनची जागा भरली, तबल्याची रिकामी आहे.

"घाबरता कायले?" खेमराजबाबू म्हणे. "खोका तर तोच आहे. तार काढा."

तर त्र्यंबक स्टेजवर बसला. मांडीवर बिनतारेची गिटार, अन् दहा बोटांनी तो व्हायोलिनचा तुकडा खोक्यावर ठोकून राह्यला. भोपाळच्या पंचांच्या हातात यादी मात्र जुनीच होती. मोठ्या पंचानं डोळे मिटले अन् म्हणे, "वाह! क्या व्हायोलिन है!" मागच्या रांगेतून लालबर्र्याचा एक म्हातारा उठला. "अरे बापा, पण व्हायोलिन आहे कुठं?" लोकांनी त्याचं धोतर ओढून त्याले खाली बसवलं. टाळ्यांनी छत हाललं. पहिला नंबर!

बदली रद्द झाली. त्याच सांजेले नवीन हुकूम निघाला. एवढा मोठा व्हायोलिनवादक कारकुनीत कुजवणे शासनाच्या हिताचे नाही. सबब यांनी व्हायोलिन-शिक्षक म्हणून तत्काळ रुजू व्हावे. कुठं? उकव्याले.

त्र्यंबक स्टोअराच्या खिडकीशी गेला. "बडे बाबू, निदान माझ्या तारा तर द्या."

"त्या गिटारच्या आहेत. नस्तीत गिटार कुठं आहे?"

सुनीतीनं डबा बांधला अन् बसच्या खिडकीतून त्याच्या हाती दिला.

आता वैनगंगेचं नाव घेतलं आहे म्हणून कबूल करते. एक गोष्ट मी पदरची घातली. तो लालबर्र्याचा म्हातारा. तसा कोणीच उठला नव्हता. खोका सगळ्यांले दिसत होता, अन् सगळे टाळ्या वाजवून राह्यले होते. मी पण.

तुम्ही काहून हसून राह्यले? माझ्या बाजूच्या खुर्चीवर कोण होतं, ते मले चांगलं आठवते.