हवालदारांची चारपट दुर्बीण

सहादेव हवालदारांना लांबचं दिसेनासं झालं होतं आणि ही गोष्ट त्यांनी बायकोलाही सांगितली नव्हती. सांगणार कसं? सोनईच्या त्या शिवारात परवान्याची रायफल एकट्या त्यांच्याकडे. पलटणीत नेमबाजीची दोन पदकं मिळवून आलेला गडी. भुईमूग भरला की रानडुकरं उतरायची, पण हवालदार आहेत म्हणून गाव बिनघोर असायचं. आता त्यांना बांधावरची बाभळ कुठली आणि माणूस कुठला, हे हाक मारल्याशिवाय कळत नसे. ते साल एकाहत्तर. तेव्हा खेड्यात चष्मा तलाठ्यानं लावावा, नाहीतर काठी टेकत चालणाऱ्या म्हाताऱ्यानं. चष्मेवाल्या नेमबाजाला गावानं पारावर बसू दिलं नसतं.

अशात शाळेचे गिदोन मास्तर एका सकाळी कापडात गुंडाळलेली नळी घेऊन आले. त्यांचा थोरला भाऊ कधीकाळी एका साहेबाबरोबर शिकारीला जायचा. त्याच्या पेटीत ही रायफलीवर बसवायची दुर्बीण सापडली होती.

"चारपट दाखवते," मास्तर म्हणाले. "पण फिक्स आहे. कमीजास्त करता येत नाही."

हवालदारांच्या जिवात जीव आला. आता डोळ्यांचं काम दुर्बीण करणार आणि कुणाला पत्ताही लागणार नव्हता. पण मास्तर पडले हिशोबी. त्यांनी पाटी मागवली, मधोमध रेघ मारली आणि एकीकडं गुण, दुसरीकडं दोष लिहायला बसले.

"फिरवायचं कायबी न्हाई, म्हंजे बिघडायचंबी न्हाई," हवालदार म्हणाले. "हा गुण लिवा."

"लिहिला. पण जनावर जवळ आलं की नुसतं केसाळ कातडं दिसणार. डोकं कुठं, शेपूट कुठं, काय कळणार? हा दोष."

"मास्तर, पलटनीत आमाला शेपूट इचारून गोळी घालाय शिकवलं न्हाई. वजनाला हलकी हाय, लिवा."

हवालदारांच्या पत्नी छबूबाई चहा घेऊन आल्या. पाटी बघून म्हणाल्या, "एवढा इचार तर माझं लगीन ठरवताना बी कुनी केला न्हाई." दोघांनी पाटी पुसली, चहा प्यायला आणि दुर्बीण रायफलीवर चढली.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटल्यावर दोघं भुईमुगाकडं निघाले. हवालदारांनी दुर्बिणीला डोळा लावला. सगळं अंधुक होतं, पण चारपट अंधुक. दुर्बिणीत असंच दिसत असेल, असं त्यांनी मनाशी म्हटलं. तेवढ्यात बांधाशी एक काळाकभिन्न, वाटोळा, हत्तीएवढा पाठीचा उंचवटा दिसला. हवालदारांनी श्वास रोखला आणि चाप ओढला.

टण्ण!

असला आवाज शिवारानं कधी ऐकला नव्हता. गाव जागं झालं, कुत्री भुंकायला लागली, आणि गुऱ्हाळवाला बन्सी धोतर सावरत पळत आला. आदल्या दिवशी उसाचा रस कढवायची भली मोठी काहील नेताना त्याच्या गाडीचा आस मोडला होता, म्हणून त्यानं काहील बांधावरच पालथी घालून ठेवली होती. आता तिच्या काजळलेल्या बुडाला बरोबर मधोमध भोक होतं.

"हवालदार, काहिलीनं तुमचं काय खाल्लं हुतं वं?" बन्सी रडकुंडीला आला होता.

माणसं जमली. हवालदारांनी रायफल खाली घेतली आणि दुर्बिणीवर बोट ठेवलं. "दोष दुर्बिनीचा हाय," ते म्हणाले. "फिक्स हाय ना. जवळचं लई मोटं दिसतंय."

सगळे मास्तरांकडं वळले. मास्तरांनी रायफल घेतली, दुर्बिणीतून बराच वेळ पाहिलं आणि मान हलवली.

"खरं आहे. पार अंधुक दिसतंय. दोष भिंगाचाच."

गाव पांगलं. हवालदारांचं नाव वाचलं. पण त्यांच्या मनाला ते लागून राहिलं. आयुष्यात खोटं न बोललेल्या माणसानं, रविवारी ख्रिस्ती देवळात उभा राहून पवित्र शास्त्र वाचणाऱ्या माणसानं, आपल्यासाठी चारचौघांत खोटं सांगितलं. रात्रभर त्यांना भरून येत राहिलं. सकाळी त्यांनी ठरवलं, आता नाटक पुरे. काहिलीला ठिगळ लावून द्यायचं बन्सीला कबूल केलं, बायकोला बियाणं आणतो म्हणून सांगितलं आणि नगरची एस.टी. धरली.

डोळ्यांच्या डॉक्टरकडं बाकावर आधीच एकजण खाली मान घालून बसला होता. हवालदार अगदी शेजारी टेकले, तेव्हा त्यांना टोपी ओळखीची वाटली.

"मास्तर?"

"हवालदार? मी घरी सांगून आलोय, मिशनचं काम आहे म्हणून."

"म्हंजे काल तुमी माझ्यासाठी खोटं बोलला न्हाई?"

"खोटं कशाला बोलू? मला खरंच अंधुक दिसलं. शेजारी उभा असून ती काहील मलाही ओळखू आली नव्हती. मला वाटलं, तुम्हीच माझी लाज राखायला दुर्बिणीवर ढकललं."

दोघं इतके हसले की कंपाउंडर बाहेर डोकावला. दुपारपर्यंत दोघांच्या खिशात एकेक चष्मा होता. खिशातच; कारण स्टँडवर गावचं कुणी भेटलं असतं तर?

गाडी लागली. हवालदारांनी गाडीच्या पाटीकडं डोळे बारीक करून पाहिलं. "मास्तर, सोनईच न्हवं?"

"सोनईच," मास्तर ठामपणे म्हणाले. त्यांना हवालदारांच्या आवाजात खात्री ऐकू आली होती.

केडगाव मागं पडल्यावर कंडक्टर आला. "दोन सोनई," हवालदार म्हणाले.

"बाबा, ही गाडी पुण्याला चाललीय."

दोघांनी पुढच्या थांब्याची तिकिटं काढली. मग दोघांनी हळूच खिशात हात घातला, चष्मे चढवले आणि एकमेकांकडं पाहिलं.

हवालदार म्हणाले, "मास्तर, तुमी लई म्हातारं झालात की वं."

"आणि तुम्ही?" मास्तर म्हणाले. "मी तर समजत होतो, तुमच्या मिशा अजून काळ्याच आहेत."