वाचनालयाचं वाण

मुलुंडच्या पालिका वाचनालयात मंगळवारी सकाळी पत्र आलं : खर्चात कपात करायची असल्याने वाचक नसलेली वाचनालयं बंद होतील, पाहणीसाठी साहेब येतील. खाली पेनने लिहिलं होतं, ‘ग्रंथपालाची बदली मानखुर्द जकात नाक्यावर.’

ग्रंथपाल सुहासिनीने टेबलाखाली पाहिलं. तिची दोन वर्षांची मीरा जुन्या वर्तमानपत्रांवर गाढ झोपली होती. ट्रकांच्या रांगेत हिला कुठे झोपवणार?

संक्रांत तोंडावर होती. सुहासिनीने वाचनालयातच हळदीकुंकू ठेवलं. आसपासच्या साठेक बायका नटूनथटून आल्या. प्रत्येकीच्या हातावर तिळगूळ, त्यावर एक पुस्तक आणि वहीत सही. संध्याकाळी वही भरली, दोन्ही कपाटं रिकामी झाली आणि सुहासिनी गाणं गुणगुणत घरी गेली.

पुस्तकं परत करायची सात दिवसांची मुदत संपली. आठवा दिवस गेला, दहावा गेला. एकही पुस्तक परत आलं नाही. मीराला कडेवर घेऊन ती समोरच्या प्रेमाकडे गेली.

“पुस्तक परत? अगं, वाण दिलंस ना तू?” प्रेमा किंचाळलीच. “वाण परत करतं का कुणी? माझ्या नवऱ्याच्या जिवावर उठलीस की काय?”

“अगं, ते पालिकेचं आहे!”

“मग पालिकेच्या हातून वाण लुटलं. पण लुटलं ना?”

चाळीस दारांवर हेच उत्तर मिळालं. साहेब रथसप्तमीला येणार होते. शेवटचं दार कोकणातून आलेल्या शेवंतीकाकूंचं. तिथे सुहासिनी रडायलाच लागली.

काकूंनी तिला चहा दिला, मीराला बिस्कीट दिलं. “वाण परत नाय करूचा, बाय. पण रथसप्तमीपर्यंत आमी तुका वाण दिलां तर? तू सवाशीण मा?”

रथसप्तमीला प्रधानसाहेब मात्र अर्धा तास आधीच उगवले. त्यांनी एक कपाट उघडलं, दुसरं उघडलं. मग वहीत लिहिलं : ‘पुस्तके – शून्य.’

“बाई, पुस्तकंच नाहीत तर वाचनालय कशाला?”

“साहेब, पाच मिनिटं. जिन्यावर आहेत.”

“पुस्तकं?”

जिन्यावरून बांगड्यांचा आवाज आला. पाठोपाठ साठ बायका आल्या. साहेब भिंतीला चिकटले. एकेक बाई सुहासिनीला हळदकुंकू लावी, पुस्तक हातात देई आणि वाटेत साहेबांच्या हातावर तिळगूळ ठेवी. विसाव्या बाईपर्यंत सुहासिनीचं कपाळ पूर्ण लाल झालं, साहेबांचे दोन्ही खिसे भरले आणि मीरा घाबरून टेबलाखाली शिरली.

“ह्या सगळ्या वाचक?” साहेबांनी विचारलं.

“मग काय, नुसतं कपाटात ठेवलं होय?” प्रेमा तडकली. “माझ्या पुस्तकातल्या सुनेने घर सोडायला नको होतं. दोन रात्री झोप नाही मला.”

“सोडलां ता बराच केलां!” तेच पुस्तक मागून नेऊन वाचलेल्या काकू मागून गरजल्या.

जिन्यापर्यंत भांडण पेटलं. साहेब बराच वेळ ऐकत राहिले. मग त्यांनी शून्य खोडलं.

“बाई, वाचनालयांना कात्री लागलीय, माझा इलाज नाही,” ते हळूच म्हणाले. “पण महिला कल्याणाच्या पैशाला हात लावलेला नाही. तुम्हाला त्यात घालतो. बदली रद्द.”

सुहासिनीने तिथल्या तिथे त्यांना वाकून नमस्कार केला.

दीड महिन्याने पालिकेची गाडी आली. तीन मोठी खोकी. नवी पुस्तकं! सुहासिनीने घाईघाईने सुतळी कापली. आत कुंकवाचे साठ स्टीलचे करंडे आणि बारा गुलाबदाण्या होत्या. प्रत्येक वस्तूवर पालिकेचा शिक्का. सोबत चिठ्ठी : ‘वाचनालयाच्या कामकाजासाठी.’

सुहासिनीने पुस्तकांची दाखल वही उघडली, एकेका वस्तूला क्रमांक दिला, लेखकाच्या रकान्यात ‘पालिका’ लिहिलं आणि गुलाबदाण्या चरित्रांच्या शेजारी मांडल्या.

संध्याकाळी प्रेमा आली. कपाटासमोर बराच वेळ रेंगाळली.

“सुहास, पुतणीचं केळवण आहे गं. ही गुलाबदाणी मिळेल का?”

“मिळेल की. सही कर,” सुहासिनीने वही पुढे सरकवली. “पण सोबत एक पुस्तक न्यावं लागेल. आणि प्रेमा, हे वाण नाही हं!”