खंड्याचं वजन

पनवेलच्या प्राण्यांच्या दवाखान्यात दयारामशेठचा कुत्रा खंड्या भरती झाला, पण वजनकाट्यावर काही केल्या चढेना. पाय ठेवला की काटा डुगडुगायचा आणि काटा डुगडुगला की खंड्या केकाटत पळायचा. शेवटी त्याला उचलून शेठच काट्यावर उभे राहिले. दोघांचे मिळून एकशे सहा किलो. शेठचे एकट्याचे शहाऐंशी वजा जाता खंड्या उरला वीस. मदतनीस प्रितेशने भिंतीवर खडूने ‘शेठ ८६’ लिहून ठेवलं. रोज कशाला मोजायचं? माणसाचं वजन काय रोज बदलतं?

भाचीच्या हळदीत कोंबडीची हाडं हाणून खंड्याचं पोट बिघडलं होतं. चार दिवस त्याने कशाला तोंड लावलं नव्हतं.

“काका,” डॉक्टर शशिकला म्हणाल्या, “भरती केलेलं कुत्रं कधीकधी आजारापेक्षा उपासानेच खंगतं. त्यात हा केसाळ, वरून गुटगुटीतच दिसणार. म्हणून रोज वजन करायचं आणि रोज बरगड्या चाचपायच्या. वजन वाढलं की घरी सोडते.”

शेठनी खंड्याला जवळ ओढलं. त्यांची दोन्ही मुलं परदेशी. घरात हाक मारली की धावत येणारा हा एकच. त्यांनी आपल्या ओवे गावच्या गावदेवीला तिथूनच हात जोडले. खंड्याचं वजन वाढेपर्यंत अन्नाला शिवायचं नाही, फक्त कोरा चहा! नवस बोलून दाखवला तर फळत नाही, म्हणून घरी बायकोला, गुणाबाईला, सांगितलं, “डाक्टरीनबाय मला जेवाला घालते.” दवाखान्यात सांगितलं, “आमी घरशी जेवून येतो.”

दुसऱ्या दिवशी दोघांचे मिळून एकशे पाच भरले. शहाऐंशी वजा जाता खंड्या एकोणीस!

“जेवण तर चाटूनपुसून खाल्लंय,” प्रितेश म्हणाला.

डॉक्टरांनी खंड्याला चाचपलं. बरगड्या हाताला लागेनात, मांड्या भरलेल्या. हात सांगत होता कुत्रं ठणठणीत, काटा सांगत होता कुत्रं खंगतंय. डॉक्टरांनी काट्यावर विश्वास ठेवला आणि खंड्याचं जेवण वाढवलं. शेठनी कोरा चहासुद्धा निम्मा केला.

तिसऱ्या दिवशी खंड्या अठरा. चौथ्या दिवशी सतरा. उकडलेली कोंबडी आणि भात तीन-तीन वेळा चापून खंड्या शेपटी हलवत काट्याकडे यायचा आणि शेठ त्याला उचलताना पार वाकायचे.

“जड लागतोय हो मला,” शेठ पुटपुटले.

“काका, तुमचं मन तसं सांगतंय,” डॉक्टर हळुवारपणे म्हणाल्या. “उद्याही उतरला तर नाकातून नळी घालावी लागेल.”

नळी म्हटल्यावर शेठनी चहाही सोडला.

पाचव्या दिवशी गुणाबाईही सोबत आली. शेठ खंड्याला घेऊन काट्यावर चढले. एकशे दोन! “खंड्या सोळा,” असं प्रितेश म्हणतोय तोवर शेठचे डोळे फिरले. ते बाजूला घसरले आणि गुणाबाईच्या खांद्यावर येऊन पडले. हातातून सुटलेला खंड्या काट्यावर एकटाच राहिला. मालकाला काय झालं ते बघण्याच्या नादात तो पहिल्यांदाच स्तब्ध उभा होता.

काटा एकवीसवर स्थिर झाला.

डॉक्टरांनी काट्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या शहाऐंशीकडे. त्यांनी शेठच्या सदऱ्यावरून हात फिरवला.

“बरगड्या लागतायत!” त्या ओरडल्या. “काका, शेवटचं कधी जेवलात?”

“खंड्याला भरती केला त्या दिशी,” शेठ क्षीणपणे म्हणाले, आणि नवस बाहेर पडला.

“म्हंजे तुमी पाच दिस जेवला नाय?” गुणाबाईला रडू आवरेना. “मी घरी सुरमई तळते, तर म्हणे डाक्टरीन जेवाला घालते!”

जवळ तयार होतं ते खंड्याचंच जेवण. प्रितेशने ते बशीत घालून आणलं. शेठनी घासभर खाल्लं आणि तोंड वाकडं केलं. “आळणी हाय.” जन्म मिठागरात गेलेल्या माणसाला याहून मोठी शिक्षा नव्हती.

“सावकाश खा,” डॉक्टर म्हणाल्या. “प्रितेश, लिही. एक घास खाल्ला.”

“कुणाच्या तक्त्यावर लिहू, मॅडम?”

“ज्याच्या बरगड्या लागतात त्याच्या!”

तेवढ्यात गुणाबाईने डोळे पुसले, गावदेवीच्या दिशेला तोंड केलं आणि हात जोडले. “आई, यांचं वजन वाढंपर्यंत मी अन्नाला...”

पुढचा शब्द फुटायच्या आत डॉक्टरांनी खंड्याच्या भाताचा घास तिच्या तोंडात कोंबला.