तानूआक्कांची शीळ

वाईच्या घाटावर भांडी घासताना शीळ घालणारी विधवा बाई एकच होती. तानूआक्का. सकाळी प्राणायामासाठी नाक धरून बसलेले भटजी एक डोळा उघडून तिकडं पाहत आणि त्यांची मोजणी चुके.

आक्का माझ्या शेजारी राहत. त्यांचे यजमान शेतकऱ्याच्या घरातले. पलटणीच्या बँडात क्लॅरिनेट शिकले आणि पुढं मुंबईच्या एका हॉटेलात गोवेकर वादकांच्या जोडीनं साहेबलोकांपुढं जाझ वाजवू लागले. दुसरं महायुद्ध ऐन भरात असताना तापानं गेले. वाद्य हॉटेलचं, ते तिकडंच राहिलं. रेकॉर्ड एकही निघाली नव्हती. आक्कांना त्यांची एक चाल मात्र तोंडपाठ होती. ती त्या रोज शिळेवर घेत, कणभरही न बदलता. मध्येच कुणी रामराम केला, तर हात वर करून त्याला थांबवत आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करत.

बाईनं शीळ घातली की साप येतो, असं आळीत म्हणत. समोरच्या काशीबाईंनी एकदा सुचवलं, की आक्कांनी शिराळ्यालाच जाऊन राहावं, नागपंचमीला नाग धरायचे लोकांचे कष्ट वाचतील. आक्का शांतपणे म्हणाल्या, "येऊ द्यात की नाग. तुमच्यापरीस गुमान ऐकत्याल."

ऐकून ऐकून पोस्टमनच्या तोंडीही ती चाल बसली होती. एकदा त्यानं शेवट जरा उंच घेतला, तर आक्कांनी त्याला सायकलवरून खाली उतरवलं. "मालकांनी तितं उतरती घेतलीया. तू चढवू नगंस."

मग त्यांचा पुढचा दात दुखू लागला. गाल सुजला, ताप भरला. दात काढावाच लागेल, असं डॉक्टर म्हणाले, तरी आक्का लवंग धरून बसल्या. मी समजूत घालायला गेलो.

"दात गेला तर वारं फुटंल, गुरुजी. मग मालकांचं काय उरलं?"

सूज डोळ्यापर्यंत चढली तेव्हा मीच त्यांना मोटारीनं साताऱ्याला नेऊन दात काढवला. परत येताना त्या सबंध वाट तोंडाला पदर लावून बसल्या होत्या.

जखम भरल्यावर एका सकाळी त्या ओट्यावर बसून शीळ घालू लागल्या. फटीतून वारा निसटला आणि चाल भलतीकडंच वळली. पुन्हा घेतली. या वेळी तिसऱ्याच वाटेनं गेली. मला वाटलं, आता चिडतील. त्या ऐकत राहिल्या.

"मालक असंच वाजवायचं, गुरुजी. आज एक, उद्या दुसरंच. मी म्हनायची, एकदा तरी कालच्यावानी वाजवा. तर हसायचं." त्यांनी दाताच्या फटीवरून जीभ फिरवली. "आन मी इतकी वर्सं त्यांना एकाच दिसात कोंडून घातलं."

त्यांनी पुन्हा ओठ जुळवले. पण ते थरथरत होते, आणि तशा ओठांतून शीळ निघत नाही.