उन्हात फुगलेली माणसं

"अडतीस!" मास्तर ओरडले.

पडद्यामागून मास्तरीणबाईंचा आवाज आला, "छाती की कंबर?"

"कंबर!"

माप द्यायला उभ्या असलेल्या गृहस्थांनी घाईघाईने पोट आत ओढले, पण व्हायचे ते होऊन गेले होते. शेजारच्या सायकलवाल्याने पंक्चर काढता काढता मान वर करून त्यांची कंबर नीट पाहून घेतली होती.

दुकानाची ही पद्धत पंचवीस वर्षांची होती. पुढच्या खोलीत टेलर मास्तरांनी माप घ्यायचे आणि आकडा खणखणीत आवाजात सांगायचा. मागच्या खोलीत मास्तरीणबाईंनी तो वहीत उतरवायचा आणि त्याप्रमाणे कापड बेतायचे. त्यांच्या टेबलाच्या कडेला इंचांच्या खुणा असलेली पितळी पट्टी ठोकलेली होती. कापताना त्या फक्त तिच्यावर विश्वास ठेवत. टेप मास्तरांची. ती सुती होती आणि त्यांना त्यांच्या उस्तादांनी दिली होती. कोणी प्लास्टिकच्या टेपेचे नाव काढले की मास्तरांचे तोंड कडू होई. "प्लास्टिक उन्हानं ताणतं. माप ताणलं की शिंप्याची अब्रू गेली," असे ते म्हणत, आणि त्यांच्या अब्रूला खरोखरच आजवर एका टाक्याचाही धक्का लागला नव्हता. त्यांच्याकडे कपडा टाकला की ट्रायल द्यायला कोणी येत नसे.

यंदाचा उन्हाळा मात्र कोणाचीच अब्रू ठेवायला तयार नव्हता. दुकानावर पत्रा होता. पंखा या कोपऱ्यातली गरम हवा उचलून त्या कोपऱ्यात नेऊन ठेवी, बाकी काही नाही. मशीनच्या लोखंडाला हात लावायचा तर आधी फडके गुंडाळावे लागे. समोर नव्याने उघडलेल्या तयार कपड्यांच्या शोरूममध्ये एसी होता आणि अर्धा गाव तिथे काहीही न घेता तासन्‌तास शर्ट बघत उभा असे. मास्तरांनी या सगळ्यावर स्वतःपुरता तोडगा काढला होता. बादलीत बुडवलेला टॉवेल ते गळ्यात टाकत आणि त्यावर टेप. टॉवेल सुकला की पुन्हा बादलीत. टेप काढून ठेवण्याइतका दम कोणाला होता? तीही सोबत डुबकी मारून येई. दुपारी जेवायला बसताना दोन्ही दाराबाहेरच्या तारेवर रणरणत्या उन्हात वाळत पडत.

"मान थंड तर माणूस थंड," मास्तर सांगत.

"आणि बादलीभर पाणी मला भरायला लागतं ते?" मास्तरीणबाई विचारत. त्यावर मास्तर टॉवेल पुन्हा बादलीत बुडवत.

अशातच इस्पितळाच्या मेट्रनबाई आल्या. अंगाने भरदार, चालणे ताठ, आणि बोलणे असे की डॉक्टरसुद्धा आधी उभे राहत आणि मग कारण विचारत. मागून सतरा नर्सची रांग होती.

"मास्तर, अठरा गणवेश. तीन आठवड्यांनी वरून तपासणीला माणसं येणारेत," त्या म्हणाल्या. "आणि एक ऐका. ऑफिसातल्या लोकांना यंदा काम समोरच्या शोरूमला द्यायचं होतं. मी भांडून तुमच्याकडे आणलंय. म्हटलं, मास्तरांचं माप म्हणजे माप. आता एकीचा जरी गणवेश बिघडला ना, तर पुढच्या वर्षीपासून हे काम गेलंच म्हणून समजा. आणि मला तोंड दाखवायची सोय राहणार नाही."

इस्पितळाचे काम गेले तर दुकानाला कुलूप लावावे लागेल हे मास्तरांना माहीत होते. त्यांनी टॉवेल पुन्हा एकदा बुडवला, टेप सरळ केली आणि छाती पुढे काढली. "बाई, निर्धास्त राहा."

मापे सुरू झाली. पहिली नर्स छत्तीस, दुसरी चौतीस, तिसरी अडतीस. पाचव्या आकड्याला पडदा हलला आणि हातात गेल्या वर्षीची वही घेऊन मास्तरीणबाई बाहेर आल्या.

"काय हो, या सगळ्याच कशा वाढल्यात? सरसकट दोन-दोन इंच?"

"वाढल्या असतील."

"पाचच्या पाच?"

मास्तरांनी क्षणभर विचार केला. टेपेवर संशय घेणे म्हणजे उस्तादांवर संशय घेणे. तेव्हा राहता राहिली माणसे. "अगं, उन्हानं लोखंड फुगतं की नाही?" ते म्हणाले. "रेल्वेचे रूळ फुगतात, दारं फुगतात. मग माणूस काय दगडाचा आहे? यंदा ऊनच तसलं पडलंय. माणसं फुगलीत."

"दारं पावसात फुगतात," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"तू आकडे लिही."

शेवटी मेट्रनबाई उभ्या राहिल्या. त्यांनी आजूबाजूला पाहिले आणि आवाज एकदम खाली आणला. "मास्तर, माझा आकडा जरा हळू सांगा हं."

मास्तरांना हळू बोलता येत नव्हते असे नाही. पण पंचवीस वर्षांची सवय मेट्रनबाईंच्याही आधीची होती. टेप जुळली आणि तोंड उघडले.

"कंबर, चाळीस!"

सायकलवाल्याच्या हातातला पाना खाली पडला. सतरा नर्स एकदम छताकडे बघू लागल्या. मेट्रनबाईंचा चेहरा उन्हाने होता त्याहून लाल झाला. "चाळीस?" त्या दात आवळून म्हणाल्या. "गेल्या वर्षी अडतीस होती."

"टेप खोटं बोलत नाही बाई," मास्तरांनी मोठ्या मनाने त्यांची समजूत काढली.

मेट्रनबाई काही न बोलता निघून गेल्या, पण इस्पितळात पोचल्यावर त्या भरपूर बोलल्या. अठराच्या अठरा बायका दोन-दोन इंच वाढतात म्हणजे काय? दुसऱ्यांना पथ्य सांगायचे आणि आपण असे सुटायचे? त्याच दिवशी इस्पितळाच्या कॅन्टीनमधून केक, तळलेले बटाटे आणि साखर घातलेले प्रत्येक पेय नर्सपुरते बंद झाले. त्यांच्या ताटात उकडलेली भाजी आली. दुपारी उकडलेली भाजी, संध्याकाळी तीच, थोडी आणखी उकडलेली. आधीच उन्हाने भूक मेलेली, वरून हे. मेट्रनबाई स्वतः सगळ्यांसमोर बसून तेच जेवत, त्यामुळे कोणाला कुरकुर करण्याचीही सोय नव्हती. तिकडे नर्स दिवसेंदिवस बारीक होत होत्या, इकडे मास्तरीणबाई वाढलेल्या मापांवर इमानेइतबारे कात्री चालवत होत्या.

तपासणीच्या दिवशी सकाळी इस्पितळाचा शिपाई येऊन अठरा गणवेशांचे गाठोडे घेऊन गेला. ट्रायल अर्थातच कोणी दिली नव्हती. मास्तर खुशीत होते. ऊन डोक्यावर आले तरी त्यांची कळी खुललेलीच होती.

"आपली विद्या बघ," ते बायकोला म्हणाले. "दुसरा कोणी असता तर गेल्या वर्षीच्या वहीवरनं शिवून मोकळा झाला असता. मी फुगवटा धरला."

"पुरे झालं तुमचं फुगवटा-पुराण. मी कुठं फुगलेय?"

"तूही फुगलीस. ये इकडे." लग्नाला तीस वर्षे झाली होती, पण बायकोचे माप घ्यायची वेळ मास्तरांवर कधी आली नव्हती, ती आपले कपडे आपणच शिवी. त्यांनी टेप टाकली. "बत्तीस! तुझ्या हिशेबानं किती?"

"तीस. आणि हा ब्लाउज चार वर्षांपूर्वीचा आहे आणि आज मला सैल होतोय. दोन घास जात नाहीत या उन्हात, आणि म्हणे फुगलीस! आणा ती टेप इकडे."

"टेपेला हात..."

पण टेप गळ्यातून गेलीही होती. मास्तरीणबाईंनी ती कापायच्या टेबलावर पितळी पट्टीला लावून सरळ केली. एक टोक शून्यावर धरले. दुसरे टोक, ज्यावर साठचा आकडा होता, ते पट्टीवरच्या सत्तावन्नावर येऊन थांबले. त्यांनी ओढून पाहिले. अर्धे सूतसुद्धा पुढे सरकेना.

त्यांनी त्या तीन इंचांच्या मोकळ्या जागेवर बोट ठेवले.

"सुती ना ही?" मास्तरीणबाईंनी विचारले.

"हो."

"रोज भिजवायची, रोज उन्हात वाळवायची. कापड आणलं की आधी भिजवून घ्या, नाहीतर आटतं, हे गिऱ्हाइकांना कोण सांगतं?"

मास्तरच सांगत. पंचवीस वर्षे, दिवसातून चार वेळा. ते मटकन स्टुलावर बसले आणि त्यांना आपल्या उस्तादांचा चेहरा आठवून रडूच आले. त्याहून जास्त रडू मेट्रनबाईंचा चेहरा आठवून आले.

"बसताय काय? उठा," मास्तरीणबाईंनी सुई-दोरा, टाचण्या आणि कात्री पिशवीत भरली. "गाठू आपण. तिथंच बसून आत घेऊ."

भर बाराच्या उन्हात दोघे पळत सुटले. रस्त्यावर चिटपाखरू नव्हते. डांबर चपलेला चिकटत होते, पिशवीतली कात्री तापून पोळत होती, आणि मास्तर मनातल्या मनात माफीची वाक्ये जुळवत होते. वाटेत त्यांनी हिशेब केला: अठरा गणवेश, प्रत्येकी दोन शिवणी, आणि तपासणी सुरू होऊन तासभर झालेला. हिशेब जमत नव्हता.

इस्पितळाच्या दारातच त्यांना तपासणीची मंडळी दिसली. मोठ्या साहेबांचा कोट पाठीला चिकटला होता. त्यांच्याबरोबरच्या बाईंनी कॉलरमध्ये दोन बोटे घालून हवा खेळती ठेवायचा प्रयत्न चालवला होता. आणि वॉर्डात मास्तरांचे अठरा गणवेश हिंडत होते.

ते सैल होते यात वादच नव्हता. मास्तरांनी एका नजरेत ओळखले, दोन इंच टेपेचे आणि वरचे उकडलेल्या भाजीचे. पण नर्सनी कंबरेचा पट्टा आवळून बांधला होता, त्यामुळे सगळीकडे एकसारख्या चुण्या पडल्या होत्या आणि मुद्दाम पाडल्यासारख्या दिसत होत्या. बाह्यांतून वारा आरपार जात होता. एकीच्याही कपाळावर घाम नव्हता. त्या भराभर चालत होत्या, रोग्यांशी हसून बोलत होत्या, आणि या असल्या उन्हात नर्स हसते हे पाहून रोगीच घाबरले होते.

"मेट्रन," कॉलरवाल्या बाई म्हणाल्या, "हे फार छान केलंत. उन्हाळ्याचा विचार करून गणवेश शिवणारं इस्पितळ मी पहिल्यांदाच बघतेय. कोणी शिवले?"

मेट्रनबाईंनी दाराकडे बोट केले. "हे आमचे मास्तर. यांचं माप म्हणजे माप."

तपासणीवाल्यांनी वहीत काहीतरी लिहून घेतले आणि मास्तरांच्या हातात हात दिला. मास्तरांचे तोंड उघडू लागताच मास्तरीणबाईंनी त्यांच्या पायावर पाय दिला. मंडळी गाडीत बसून जाईपर्यंत त्यांनी तो काढला नाही.

पण गाडी गेली तशी मास्तरांना राहवेना. तिथेच सर्वांसमोर त्यांनी सगळे सांगून टाकले: टॉवेल, बादली, तार, सत्तावन्न इंच. बोलताना त्यांचा आवाज इतका खाली गेला की मागच्या नर्सना पुढे सरकावे लागले.

"चुकी माझी आहे बाई. म्हणाल तर आत्ता बसून सगळे आत घेतो."

"खबरदार!" सतरा नर्स एकदम म्हणाल्या.

मेट्रनबाई मात्र गणवेशांबद्दल विचारच करत नव्हत्या. "थांबा," त्या सावकाश म्हणाल्या. "म्हणजे माझी कंबर वाढलीच नव्हती?"

"नाही बाई."

"अडतीसच होती?"

"अडतीसच."

"मग मी तीन आठवडे..." वळून त्यांनी कॅन्टीनवाल्याला हाक मारली आणि केक किती शिल्लक आहेत ते विचारले. होते तेवढे सगळे त्यांनी मागवले.

दुसऱ्या दिवसापासून दुकानात नवी टेप आली. प्लास्टिकची. मास्तर ती कोरडी ठेवत, गिऱ्हाइकाच्या कंबरेला दोनदा लावत, आणि मग पडद्याजवळ जाऊन आकडा बायकोच्या कानात सांगत. त्यांचा खणखणीत आवाज गेला तो गेलाच. सायकलवाल्यालासुद्धा चुकल्याचुकल्यासारखे होऊ लागले. मास्तरीणबाईंनी दोनदा त्यांना दुरूनच ओरडायला सांगून पाहिले. "कोणत्या तोंडानं ओरडू?" ते म्हणत.

चौथ्या दिवशी मेट्रनबाई आल्या.

"मास्तर, आणखी चाळीस गणवेश. वॉर्डबॉय, आया, सगळ्यांना तसलेच हवेत. ती जुनी टेप टाकली नाही ना? जपून ठेवा, उन्हाळी मापं तिनंच घ्यायची." मग त्या हात बाजूला करून ताठ उभ्या राहिल्या. "पण माझं आज नव्या टेपेनं घ्या."

मास्तरांनी टेप लावली. पुन्हा लावली. मग खाली मान घालून ते पडद्याकडे निघाले.

"कुठं चाललात?"

"सांगायला. छत्तीस," मास्तर पुटपुटले.

मेट्रनबाईंनी आधी सायकलवाल्याच्या दुकानाकडे पाहिले, मग समोरच्या शोरूमच्या दारात उभ्या असलेल्या गर्दीकडे.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "आत ऐकू गेलं नसेल. जरा मोठ्यानं!"

मास्तरांनी घसा खाकरला, छाती भरून घेतली आणि पंचवीस वर्षांच्या आवाजात ओरडले, "कंबर, छत्तीस!"

"कितीऽ?" आतून मास्तरीणबाईंनी विचारले. वास्तविक त्यांनी तो आकडा पहिल्याच वेळी लिहून घेतला होता.