पुंजाजीभाऊ आणि डबीची बैठक

पुंजाजीभाऊ नव्या माणसाला नाव-गाव विचारत नसत. ते एकदम विचारत, "तुमाले गाडी लागते का?"

माझी बदली बुलढाण्याच्या शाळेत झाली, त्या आठवड्यातली गोष्ट. भाड्याच्या घरामागे हातभर जागा होती, तिच्यात लावायला मेथीचं बी आणावं म्हणून मी बाजारात गेलो, तर बियाण्याच्या दुकानात हे गृहस्थ बसलेले. धोतर, काळी टोपी आणि मिशीला ग्रीस. पुडी बांधता बांधता त्यांनी मला हा सवाल केला. मी आपला खरं बोलणारा माणूस. म्हटलं, "लागते ना. एस्टीत बसलो की पहिला फाटासुद्धा निभत नाही." ही गोष्ट कबूल केली की लोक सहसा जरा सरकून बसतात. पुंजाजीभाऊंचा चेहरा मात्र असा फुलला, की पोरीसाठी मनाजोगतं स्थळच चालून आलं असावं. मेथीचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. उलट वर मूठभर धने घातले आणि म्हणाले, "आईतवारी काय करून राह्यले, मास्तर?"

महाराष्ट्र तेव्हा नुकताच झाला होता. गावात मोटारी असत त्या साहेब लोकांच्या, नाहीतर एखाद्या बड्या वकिलाच्या. बी-बियाणं विकणाऱ्या माणसाच्या दारात मोटार, ही गोष्टच गावाला पचली नव्हती. गाडी विलायती, पण अंगानं एवढीशी. अकोल्याच्या कुणा डॉक्टरानं वापरून वापरून सोडलेली. रंग पिकल्या काकडीचा. गाव तिला डबी म्हणायचं, आणि पुढे पुढे पुंजाजीभाऊही म्हणू लागले.

दुसरा कोणी असता तर त्यानं गाडीला रंग दिला असता, नवा भोंगा बसवला असता. यांचं सगळं लक्ष गाडीच्या पोटाखाली. चाकांवरचे कमानीचे पाटे, स्प्रिंगा, दणके गिळणारे शॉकअप, यापलीकडे त्यांना जग नव्हतं. "दोष इंजिनाचा नाही, रस्त्याचाबी नाही," ते म्हणत, "गाडीले बैठक पायजे." माणसंसुद्धा ते याच मापानं मोजत. आमच्या हेडमास्तरांविषयी त्यांचं मत होतं, "मानूस हुशार हाये, पन वळनावर कलते." हे मत इतकं नेमकं होतं की मी ते शाळेत कुणाला सांगितलं नाही. माझ्या बायकोला मात्र त्यांनी पहिल्याच भेटीत, "वहिनींची बैठक पक्की हाये," असं सर्टिफिकेट दिलं. तिनं ते आपल्या अंगावर घेतलं आणि पंधरवडाभर त्यांना साखर घातलेला चहा मिळाला नाही.

हा सगळा खटाटोप कशासाठी, ते गावात लहानथोर सगळ्यांना ठाऊक होतं. भाऊंची थोरली बहीण गंगूअक्का मलकापूरला दिलेली. भाऊंची बायको तरुणपणीच गेली, मूलबाळ नाही. तेव्हा रक्ताचं म्हणावं असं तेवढंच एक माणूस. बुलढाणा डोंगरावर, मलकापूर खाली, आणि मध्ये राजूरचा घाट. अक्कालाही गाडी लागायची. पण आमच्यासारखी नव्हे. आम्ही ओकतो, तोंड धुतो आणि पुढच्या स्टँडवर भजी खातो. अक्का एकदा आडवी झाली की पुढे कितीतरी वेळ पोटात पाणी ठरत नसे. रेल्वेनं ती काशीला जाऊन आली होती, पण बुलढाण्याला रेल्वे कुठली? आई वारली तेव्हा ती शेवटची घाट चढली होती, आणि त्यानंतर माहेरी म्हणून आली नव्हती.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावोगावच्या लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. पुंजाजीभाऊंच्या दारात त्या दिवशी डबी जॅकवर चढलेली असे. "पुढच्या आखाजीले अक्काले वर आनतो का नाही पाहा. पोटातलं पानी हालू देत नाही." हे ते दरवर्षी म्हणत, दुकानात येईल त्याला. मी एकदा सुचवलं, की सरळ छकड्यात बसवून आणा, दोन दिवस लागले तर लागले. ते माझ्याकडे बघतच राहिले. "अक्का का सरकीचं पोतं हाये, मास्तर?"

तर माझं काम एवढंच, की मागच्या सीटवर बसायचं आणि पोटाचं म्हणणं कळवायचं. भाऊंचा नियम असा, की परीक्षा भरल्या पोटी. "उपाशापोटी कोनाले लागते? त्याच्यात गाडीचा काय मोठेपना?" म्हणून घाटाआधी जेवण. त्यांच्या हातचे गोवऱ्यांवर भाजलेले जाड रोडगे, वांग्याची भाजी आणि वर पळीनं तूप. आता खरं सांगायचं तर मी काही विज्ञानाच्या ओढीनं जात नव्हतो. बायको म्हणायची, "फुकटचं खाता अन् घाटात ठेवून येता. काय मिळवलं?" तिला हिशेब कळतो, हौस कळत नाही.

माझ्यावर झालेला पहिला प्रयोग मऊपणाचा. भाऊंचा विचार सरळ होता, की धक्क्यानं गाडी लागते, तर गाडी मऊ करावी. मलकापूरच्या हमीद मिस्त्रीकडून त्यांनी निम्मे पाटे काढून घेतले आणि सीटमध्ये ताजा पिंजलेला कापूस भरला. आपला मुलूखच कापसाचा, तिथे कमी काय? सपाटीवर खड्डा म्हणून कळेना. मी तोंड भरून कौतुक केलं. मग घाट लागला. पहिल्या वळणावर डबी एका अंगावर लवंडली, दुसऱ्या वळणावर दुसऱ्या, आणि सरळ रस्त्यावरसुद्धा ती आपली मनाशीच डुलत चालली. मी "थांबवा" एवढंच म्हणू शकलो. रोडगे राजूरच्या घाटात राहिले. कहर म्हणजे पुंजाजीभाऊही उतरले आणि रस्त्याच्या दुसऱ्या कडेला जाऊन वाकले. जन्मात कधी गाडी न लागलेला माणूस. तोंड पुसत आले ते मात्र विचारात पडलेले. म्हणाले, "पाळना करून ठेवला आपन, मास्तर. पाळन्यात लेकरू झोपते, मोठा मानूस ओकते."

मग दुसरं टोक. भंगारातले लष्करी जीपचे जाड पाटे त्यांनी कापून बसवून घेतले. या खेपेला डबी रस्त्यावर आदळत-आपटत निघाली. माझं डोकं टपाला लागलं, चष्मा मांडीवर आला, जीभ दाताखाली सापडली. घाटाखालच्या मोताळ्यापासून माथ्यापर्यंत मी मनातल्या मनात त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. वर आल्यावर कंबर धरून कसाबसा उतरलो. भाऊ माझ्या तोंडाकडे टक लावून पाहत होते. "मळमळलं?"

मी पोटाचा अदमास घेतला. सगळे सांधे खिळखिळे झाले होते, पण रोडगे जागच्या जागी होते. मळमळ नावाला नव्हती.

"म्हनजे धक्क्यानं नाही लागत," ते हळूच म्हणाले. "झोल्यानं लागते." त्या दिवशी त्यांनी माझ्याकडे ज्या आदरानं पाहिलं, तसं शाळेत मला कुणी पाहिलेलं नाही. शोध माझ्या पोटानं लावला होता ना.

तिथून पुढे वर्षभर झोल्याची, म्हणजे त्या डुलण्याची, शिकार चालली. जीपचे पाटे गेले, मूळचे परत आले. रबरी बुश नवे घातले. मुंबईहून रेल्वे पार्सलनं शॉकअप मागवले. गाडी दोन बोटं खाली बसवली. पुढच्या दोन्ही चाकांच्या मध्ये एक पोलादी कांब जोडून घेतली, म्हणजे वळणावर गाडीचं एक अंग कलायला लागलं की दुसरं त्याला धरून ठेवणार. हमीद मिस्त्री कंटाळून म्हणे, "भाऊ, गाडी को इतना मत छेडो. बेचारी रो देगी." भाऊ ऐकतात कसचे? ते एकटेच घाटात जाऊन वळणं घोटत बसत. वेग वळणाआधी मोडायचा, आत शिरल्यावर ब्रेकला पाय लावायचा नाही, चाक हळू सोडायचं. दुकानात गिऱ्हाईक आलं तरी त्यांचे हात गल्ल्यावर स्टिअरिंग फिरवत असत.

एका संध्याकाळी डबी घाटात तापली. पाणी निवेपर्यंत आम्ही एका पुलाच्या कठड्यावर बसलो होतो. मी सहज विचारलं, "अक्कांना सांगितलं का, गाडी होत आली म्हणून?"

"झाल्यावर सांगू," ते म्हणाले. मग कठड्यावरचे खडे खाली टाकत राहिले. मला वाटलं पाट्यांचा विचार चाललाय. एकाएकी म्हणाले, "माय गेली तव्हा मी तार केली, मास्तर. अक्का एस्टीनं निघाली. घाटात तिची अशी गत झाली का तिले गाडीतून उतरवा लागलं. पडून राह्यली रस्त्याच्या कडीले. मागची गाडी भेटून घरी पोचली, तव्हा आम्ही मसनातून वापस येऊन राह्यलो होतो. दारात उभी होती. अन् मी तिले म्हटलं, उलटीच्या भेवानं माय सोडली का वं तू?"

मी पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे सरकवला, त्यांनी तो बाजूला ठेवला.

"तिनं उलटून शब्द नाही काढला. चुलीवर पानी ठेवलं, मले आंघोळीले देल्लं." त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली. "दर हप्त्याले जातो मी तिच्याकडे. समोर बसतो. शॉकअपचं सांगतो, बुशचं सांगतो. ते एक बोलनं तोंडातून निघत नाही. म्हनून म्हटलं, गाडीच करू अशी."

मला त्यांची फार दया आली, आणि थोडा रागही आला. एवढ्या मोठ्या माणसाला एवढी साधी गोष्ट जमू नये?

मग आली आखाजी. आदल्या दिवशी आम्ही दोघं मलकापूरला गेलो. अक्काला मी पहिल्यांदाच पाहत होतो. उंच, सावळी, सुपारी चघळत नेमकं बोलणारी बाई. तिनं खापरावरचे मांडे केले होते. मी पहिला खाल्ला, दुसरा खाल्ला, तिसऱ्याला नाही म्हणता आलं नाही. भाऊंनी एकच मांडा मोडून ठेवला होता. ते सारखे उठून डबीभोवती फेऱ्या मारत आणि टायरला बोटानं दाबून पाहत. अक्का मला म्हणाली, "याले काय झालं? गाय व्याली का याची?"

निघायची वेळ झाली. वर्षानुवर्षं ज्या प्रश्नासाठी त्यांनी गाडी उलटीपालटी केली, तो आता विचारायचा होता. भाऊ उभे राहिले, खाकरले आणि म्हणाले, "अक्का, सीट नवी केली. जराशीक बसून पाह्य बरं."

अक्का बसली. तिच्या सुनेनं हसू दाबत एक गाठोडं आणून तिच्या मांडीवर ठेवलं. भाऊंचं तिकडे लक्षच नव्हतं. "मोताळ्यापावतर एक चक्कर मारू," असं रस्त्याकडे पाहत म्हणाले आणि त्यांनी गाडी हाणली. मोताळा आला. गाडी थांबली नाही. अक्कानं काही विचारलं नाही, यांनी काही सांगितलं नाही, आणि मागे मी श्वास रोखून बसलेला. घाट सुरू झाला. डबीनं पहिलं वळण असं घेतलं की गाडी वळली हे मला डोंगर बाजूला सरकला म्हणून कळलं. दुसरं तसंच, तिसरं तसंच. भाऊंच्या कपाळावर घाम होता, पण डबीला बैठक आली होती. अक्का खिडकीतून पळस दाखवत होती, "इथं वानेरं लय असायची" म्हणत होती. आणि मी मात्र घाबरून पोट आवळून बसलो होतो, त्यात ते तीन मांडे. माथा दिसू लागला होता, आणि मी म्हटलं, "थांबवा."

गाडीचा काडीचाही दोष नव्हता. मी शपथेवर सांगेन. मी कडेला वाकलो, तर अक्कानंच उतरून माझं कपाळ धरलं. "होऊ द्या मास्तर, लाजू नका. मी काय पाह्यलं नाही?" पण पुंजाजीभाऊंचा चेहरा पांढराफटक पडला होता. ते अक्काकडे पाहत म्हणाले, "राह्यला झोला. राह्यलाच. तुलेबी मळमळत असंल. मी गाडी फिरवतो, अक्का, तुले घरी सोडून देतो."

"कोन्या घरी?" अक्का म्हणाली. "मले काही नाही झालं. अन् झालं असतं तरी इथून वापस कोन जाते? हे गाठोडं का मी मोताळ्याच्या बाजारात विकाले आनलं?"

भाऊंना ते गाठोडं आत्ता दिसलं.

"इतके वर्सं तू मले पाटे सांगतले, रबर सांगतलं, काय काय सांगतलं," अक्का म्हणाली. "एकडाव तरी म्हटलं का, अक्का, घरी चाल? मी वाट पाहू पाहू थकली. अरे येड्या, तू एक शब्द म्हटला असता, तर मी एस्टीनं ओकत ओकत आली असती."

"मी तव्हा तुले जे बोललो..." भाऊंनी सुरुवात केली.

"तुही माय गेल्ती," अक्का म्हणाली. "मानूस बोलते अशा वक्ताले."

मी पाठ फिरवून तोंड धूत होतो, आणि बराच वेळ धूत राहिलो. माझेही डोळे वाहत होते, आणि ते ओकल्यामुळे असं सांगायची सोय होती. मागून भाऊंचा आवाज आला. इतका हळू, की मला जेमतेम ऐकू आला.

"अक्का, घरी चाल."

मी वळून पाहिलं. अक्का केव्हाच गाडीत जाऊन बसली होती.