एका बटणात एकशे एक्केचाळीस पितर

चुका काढणं हा माझा धंदा आहे. अक्षरशः धंदा. अंबडच्या एका कंपनीत गेली चौदा वर्षं मी सॉफ्टवेअर तपासतो. इतरांनी बनवायचं, मी खोट काढायची. माझी बायको यशश्री म्हणते, हेच काम तू घरी फुकट करत होतास, कंपनी उगाच पगार देते. ते असो. मुद्दा असा, की माझ्या हाताखालून गेलेलं सॉफ्टवेअर पडत नाही. त्यामुळे अण्णांच्या वह्या कॉम्प्युटरवर आणायचं मी ठरवलं, तेव्हा मनात शंका म्हणून नव्हती.

अण्णा म्हणजे माझे वडील, उपेंद्रगुरुजी. पंचवटीत रामकुंडाजवळ आमचं घर. बागलाणातली कितीतरी घराणी श्राद्धाला पिढ्यान् पिढ्या आमच्याकडेच येतात. जो येईल त्याचं नाव, बापाचं, आजाचं, गावासकट वहीत लिहायचं, ही आमची रीत. अशा सतरा वह्या लाल फडक्यात बांधून पुढच्या खोलीतलं अख्खं कपाट अडवून बसल्यात. मी सुरुवातीला एकच घेतली, बागलाणातल्या नामपूर गावची. चारशे बारा नावं.

एका रविवारी सकाळी लॅपटॉप उघडून मी अण्णांना समोर बसवलं.

"हे बघा, हे फ्रेमवर्क. म्हणजे आयता सांगाडा. पायथन नावाच्या भाषेत लिहिलेला. दारं-खिडक्या बसवलेल्या असतात, आपण फक्त सामान आणून लावायचं."

"विकत घेतलंस?"

"फुकट आहे. ओपन सोर्स. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलंय. कुणीही घ्यावं, कुणीही उघडून आत बघावं."

"आणि बिघडलं की धरायचं कुणाला?"

"बिघडतच नाही, अण्णा."

खरं सांगायचं तर ते बसवतानाच दोनदा रुसलं. पहिल्यांदा म्हणालं, तुमचा पायथन जुना आहे. नवा टाकला तर म्हणालं, आता दोन झाले, यातला कुठला मी धरू? सासरी दोन जावा असल्या की नव्या सुनेचं होतं तसं त्याचं झालं होतं. मी दोघांना वेगळं बिऱ्हाड करून दिलं आणि अकराच्या सुमाराला पडद्यावर हिरवं अक्षर उमटलं. बसलं एकदाचं.

मग त्याने मुख्य माणसाचं नाव आणि पासवर्ड मागितला. मुख्य माणूस अर्थातच अण्णा.

"पासवर्ड काय ठेवू?"

"राम," अण्णा म्हणाले.

"छोटा पडतो. निदान आठ अक्षरं लागतात."

अण्णांनी चष्मा काढला. "रामाचं नाव याला पुरत नाही?"

यानंतर अण्णांनी त्या यंत्राकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर शेवटपर्यंत बदलली नाही.

नावं टाइप करायचं काम यशश्रीने घेतलं. ती शिक्षिका आहे, तिचं अक्षरन् अक्षर बरोबर असतं. दुसऱ्याच पानावर तिने विचारलं, "मयुरेश, अण्णांनी इथे 'थोरला देवराम', 'धाकटा देवराम' असं लिहिलंय. हे थोरला-धाकटा कुठे टाकू?"

"गाळ," मी म्हणालो. "विशेषणं नकोत. डेटा पाहिजे."

हे वाक्य मला फार आवडलं होतं. ऑफिसातही एकदा म्हणून दाखवलं.

मग मी चाचण्या लिहिल्या. एक नाही, दोन नाही, चौसष्ट. माणसाचं नाव टाका, त्याचा बाप, आजा, पणजा बाहेर आला पाहिजे. नमुना म्हणून मी आमच्याच घरची नावं घातली, कारण ती मला पाठ आहेत. चौसष्टच्या चौसष्ट पास! मी पडद्याचा फोटो काढून तीन मित्रांना पाठवला. एकानेही उत्तर दिलं नाही, पण जळतात लोक.

त्या दिवशी मी अण्णांपुढे अट टाकली. सर्वपित्रीला नामपूरचा जो पहिला यजमान येईल, त्याची नावं लॅपटॉप सांगेल. वही उघडायची नाही आणि अण्णांनी मधे बोलायचं नाही. जमलं तर वह्या पोटमाळ्यावर.

"आणि नाही जमलं तर?"

"तसं होणार नाही," मी म्हणालो.

सर्वपित्रीला सव्वाअकराला नामपूरचं पहिलं जोडपं आलं. सावळीरामबाबा आणि त्यांच्या मंडळी कुसाबाई. बाबा सत्तरीचे, धोतर-टोपी, कपाळावर घाम. कुसाबाईंच्या हातात पिशवी आणि तोंडी नातवाचा विषय. योगेशला म्हणजे त्यांच्या मुलाला दीड महिन्यापूर्वी मुलगा झाला होता आणि बारसं नावावाचून अडलं होतं.

"यांना सोताचंच नाव ठेवायचंय पोराला," कुसाबाई यशश्रीला सांगत होत्या. "जित्त्या आजाचं नाव ठेवत्यात का कुठं? योगेश झाला तवा यांचे वडील जित्ते व्हते, म्हणून तर त्याचं नाव योगेश ठेवलं. आता यांची घाई काय चाललीये इचारा."

"अगं, सावळीराम नाव संपून जाईल," बाबा म्हणाले. अण्णांकडे वळून म्हणाले, "गुरुजी, औंदा मी एकटाच आलो. दर साली चुलत भाऊ खंडेराव यायचा, तोच सगळी नावं सांगायचा. मागल्या माघात गेला तो. बाप देवराम, आजा सावळीराम, एवढं मला ठावं. पणज्याचं नाव काही मला याद नाय. आता घरात सांगणारा मीच, अन् मलाच ठावं नाय. लय लाज वाटती."

"साडेबाराच्या आत तर्पण झालं पाहिजे," अण्णा एवढंच बोलले आणि दर्भाची अंगठी वळत बसले. अट म्हणजे अट.

मी बाबांच्या शेजारी बसलो. म्हातारा खरंच कासावीस झाला होता. मला त्यांचा फार कळवळा आला आणि आपण किती योग्य वेळी हे काम हाती घेतलं, याचा अभिमानही वाटला. "बाबा, एक मिनिट. पणजोबा हजर करतो."

नाव टाकलं. बटण दाबलं. पडद्यावर ओळी उमटू लागल्या. सावळीराम. त्याचा बाप देवराम. त्याचा बाप सावळीराम. त्याचा बाप देवराम. त्याचा बाप सावळीराम.

"थांबंना का हे?" बाबा म्हणाले.

थांबत नव्हतंच. देवराम, सावळीराम, देवराम, सावळीराम, पडदा भराभर वर सरकत होता. हजार पिढ्या झाल्या तेव्हा पायथनने हात टेकले आणि लाल अक्षरात कळवलं, की याहून खोल जाता येत नाही.

"काय म्हणतंय?" कुसाबाईंनी विचारलं.

"काही नाही, एक छोटी चूक आहे," मी म्हणालो. चूक दिसली की माझा आवाज आपोआप प्रसन्न होतो. "एकच माणूस दोनदा लिहिला गेलाय, म्हणून ते गोल गोल फिरतंय. एकसारखी नावं एकत्र करायची सोय यात आहे. आत्ता होईल."

अण्णांच्या हातातला दर्भ तुटला. त्यांनी दुसरा घेतला.

मी बटण दाबलं. यंत्राने क्षणभर विचार केला आणि सांगितलं: नोंदी होत्या चारशे बारा, राहिल्या दोनशे एकाहत्तर. सगळ्या नामपुरात ज्या ज्या नातवाला आजाचं नाव होतं, तो तो नातू आपल्या आजात विरघळून गेला होता.

मी घाईघाईने बाबांचं पान उघडलं. बाबांनीही डोळे बारीक करून वाचलं. "सावळीराम देवराम, नामपूर. मयत. भाद्रपद वद्य सप्तमी."



"मयत कोण?" कुसाबाई म्हणाल्या.

"ते... तुमचे आजेसासरे आणि हे, दोघे एक झालेत. तात्पुरते."

"मंग हा कोण शे माझ्याजवळ बसलेला?"

"मी जित्ता शे ना!" बाबा छातीवर हात ठेवून म्हणाले, जणू त्यांनाही खात्री करून घ्यायची होती.

"आणि सप्तमी तर होऊन गेली," कुसाबाई पुटपुटल्या. "त्या दिशी तुम्ही दोन डाव जेवले."

यशश्री पदरात तोंड खुपसून आत गेली. घड्याळात बाराला पाच कमी होते. माझ्याकडे आधीची प्रत होती, चौदा वर्षांचा अनुभव आहे, प्रत ठेवल्याशिवाय मी बटणाला हात लावत नाही. ती परत आणली. चारशे बारा जण जागेवर आले आणि सावळीराम-देवरामची फुगडी पुन्हा सुरू झाली. मी कोड उघडला. मिटला. पुन्हा उघडला. बाबांनी हळूच विचारलं, "भाऊ, सापडंल ना? नायतर मी नुसता हात जोडतो पितरांना. त्यांना समजंल."

त्या "समजंल"ने मात्र माझा धीर सुटला. मी लॅपटॉप बाजूला सारला आणि अण्णांकडे पाहिलं. "बोला तुम्ही."

"अट सुटली?"

"सुटली."

अण्णा उठलेही नाहीत. "सावळीराम, तुझ्या पणज्याचं नाव देवराम. थोरला देवराम. तुझा बाप धाकटा देवराम. तुझा आजा थोरला सावळीराम आणि तू धाकटा. एक आड एक, तुमच्या घरात असंच चालत आलंय."

बाबांचे डोळे भरून आले. "देवराम," ते म्हणाले. "बापाचंच नाव. अन् मी शोधत फिरतोय." मग नाक पुसून त्यांनी पडद्याकडे बोट केलं. "पण भाऊ, तुमच्या डब्याने तर हेच सांगितलं व्हतं. पहिल्या झटक्यात. तुम्हीच म्हणाले चूक शे."

मी अण्णांकडे वळलो.

"अण्णा, तुम्हाला सुरुवातीपासून माहीत होतं?"

"मधे बोलायचं नाही, असं ठरलं होतं," अण्णा दर्भाची अंगठी बाबांच्या बोटात घालत म्हणाले. "आणि एक सांगू? पन्नास वर्षं हे काम करतोय, एका दमात एकशे एक्केचाळीस पितर मोकळे केलेले मी कधी पाहिले नव्हते. तू मोठा माणूस आहेस."

तर्पण बारा वाजून वीस मिनिटांनी झालं. थोरल्या देवरामाच्या नावाने पाणी सोडताना बाबांनी नाव तीनदा घेतलं, पाठ व्हावं म्हणून.

वह्या कपाटातच राहिल्या. पण मी हार मानणाऱ्यांतला नाही. पुढच्या आठ दिवसांत थोरला-धाकट्यासाठी वेगळी जागा केली, यशश्रीने सगळी विशेषणं परत घातली, चौसष्टच्या नव्वद चाचण्या केल्या. ते नावं एकत्र करणारं बटण तर मुळापासून काढून टाकलं. आता नामपूरचा एकही जिवंत माणूस माझ्या लॅपटॉपमध्ये मरू शकत नाही. अण्णाही "बरं आहे" म्हणाले.

त्याच दिवशी फोन आला. अण्णा शेजारीच होते, म्हणून मी स्पीकर लावला.

"मयुरेशभाऊ, सावळीराम बोलतो. त्या डब्यात मी मयत व्हतो ना?"

"बाबा, बिलकुल काळजी करू नका. ते दुरुस्त केलंय. तुम्ही आता ठणठणीत जिवंत आहात."



"अरे देवा," बाबा म्हणाले. "मंग परत करता येईल का? गुरुवारी बारसं शे. कुसाबाई म्हणती, गुरुजींच्या घरचा कागद आणा, तुम्ही मयत असल्याचा, मंग ठेवा पोराचं नाव सावळीराम. लेखी पायजे म्हणती."

मी अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी वही ओढली, चष्मा लावला आणि शाईचं पेन उघडलं. "दे त्याला कागद," ते म्हणाले. "मी इथे लिहून घेतो. सावळीराम, तिसरा."

चौदा वर्षांत मी हजारो चुका काढल्या. मुद्दाम घातलेली ही पहिलीच. छापण्याआधी नीट तपासून घेतली. पास झाली.